ख्वाजामियाँची सही

ज्या जिल्ह्यात नळाला पाणी आलं की माणसं कामावर खाडा करतात, त्या जिल्ह्यात एका माणसाने पस्तीस वर्षं पोरांना पोहायला शिकवलं. बाहेरगावचे पाहुणे हे ऐकून हसतात. हसोत बापडे. त्यांना आमच्या तीर्थपुरीकडच्या विहिरी माहीत नाहीत आणि ख्वाजामियाँ तर नाहीतच नाहीत.

ख्वाजामियाँचा पोटापाण्याचा धंदा विहिरीतल्या मोटारी काढण्या-बसवण्याचा. कुणाची मोटार जळली, कुणाच्या पाइपाला गाळ बसला, की निरोप जायचा आणि ते मोपेडला दोर गुंडाळून हजर व्हायचे. पोहायला शिकवणं हा धंदा नव्हता, ती त्यांची खोड होती. मोटार बसवून झाली की मालकाला म्हणायचे, "तुमची पोरं कुठं हायेत? आणा की." मालक पोरं आणायचा. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याची पोरं यायची. आठवड्याभरात त्या विहिरीची शाळा व्हायची आणि मालक कपाळाला हात लावून बसायचा.

मी त्यांच्याकडे नऊ वर्षांचा असताना शिकलो. कमरेला दोर, पाठीला वाळलेला भोपळा. हल्ली भोपळ्याच्या जागी तेलाचा रिकामा कॅन आला आहे. भोपळा वाळेपर्यंत थांबायला कुणाला सवड नाही. पोरांना काठावरून ढकलून शिकवणारे उस्ताद तेव्हाही पुष्कळ होते. ख्वाजामियाँनी मला पहिले दोन दिवस नुसतं पायरीवर पाय सोडून बसवलं. "जल्दी काय हाय? पान्याला आधी तुझी वळख होऊ दे," म्हणाले. तिसऱ्या दिवशी मी आपण होऊन उतरलो.

त्यांची परीक्षा एकच होती. दोर नाही, भोपळा नाही, सूर मारायचा आणि विहिरीच्या तळाची मूठभर माती वर आणून त्यांच्या तळहातावर ठेवायची. त्याआधी तुम्ही विहिरीला शंभर चकरा मारा, ते तुम्हाला पोहणारा म्हणायचे नाहीत. आमच्या गावात अजून विचारतात, "तुझ्या पोरानं माती आणली का?" मी साडेतीन महिन्यांनी आणली. पुढे आयुष्यात मी माती खाल्लीसुद्धा, पण ते यथावकाश सांगतो.

फी म्हणाल तर एक टॉवेल. आमच्याकडे सत्कार म्हटला की टॉवेल-टोपी. कुणी निवडून आला, टॉवेल-टोपी. कुणी यात्रेहून आला, टॉवेल-टोपी. साहेबांची बदली झाली की टॉवेल-टोपी, आणि ती मात्र मनापासून. यांतल्या एकालाही टॉवेल कशाला हवा असतो, देव जाणे. ज्याला खरोखर अंग पुसायला लागतो असा सत्कारमूर्ती तालुक्यात एकटे ख्वाजामियाँ. ते टॉवेल ठेवून घ्यायचे आणि टोपी परत करायचे.

मुलींना शिकवायची वेळ आली तेव्हा दोर त्यांनी बायकोच्या हातात दिला. जुबेदाचाची विहिरीच्या काठावर तट्ट्या टाकून बसायच्या आणि दोर धरायच्या. स्वतः त्या आजन्म घोट्याच्या वर पाण्यात उतरल्या नाहीत. पण वरून सूचना अशा द्यायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, या समुद्र ओलांडून आल्यात. "अगं पाय मार, पाय! गुडघं काय मोडायली!" आणि गंमत म्हणजे चाचींची चूक कधी निघाली नाही. ख्वाजामियाँ म्हणायचे, "पान्यात असतं त्याला पानी दिसत न्हाई. काठावरच्याला सगळं दिसतं."

एवढं सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. पण गोदावरी आमच्यापासून फार लांब नाही. दर वर्षी सणावाराला, दशक्रियेला माणसं नदीवर जातात, त्यांतलं एखादं पोर खोल पाण्यात सरकतं आणि मग पोलीस ख्वाजामियाँना फोन करतात. ते जातात, बुडी मारतात आणि पोराला वर आणतात. जिवंत पोर त्यांनी आजवर दोनदा आणलं. बाकीच्यांचा आकडा ते सांगत नाहीत. त्या दिवशी घरी आल्यावर ते जेवत नाहीत, एवढं चाचींनी मला एकदा सांगितलं होतं. माती आणल्याशिवाय पास नाही, हा त्यांचा हट्ट तिथून आला आहे. मला तो चाळिशी उलटल्यावर कळला.

मी बद्रीनाथ, इथल्या माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. चित्रं बेताचीच, पण माझं अक्षर मोत्यासारखं आहे, असं लोक म्हणतात आणि मी त्यांना म्हणू देतो. गावातला प्रत्येक फलक, मानपत्र, लग्नपत्रिकेवरचं नाव आणि प्रमाणपत्र माझ्या हातून जातं. अक्षर चांगलं असलं की माणूस चांगला असतो, असा आमच्या भागात एक समज आहे. मी तो कधी खोडून काढला नाही.

तर चार वर्षांपूर्वी मोसंबीवाले रामराव यांनी जलदीप क्रीडा मंडळ काढलं. रामराव म्हणजे ऐंशी एकरांचे धनी, माणूस बोलायला गोड, आणि अध्यक्ष व्हायची त्यांना लहानपणापासून आवड. मंडळाने सरकारी योजनेतून जलतरण तलाव बांधला. पंचवीस मीटर, निळ्या फरश्या, चढायला-उतरायला स्टीलच्या शिड्या. रामरावांनी फलक रंगवायला मला बोलावलं. सगळ्यांत खाली ओळ घालायची होती : 'मुख्य प्रशिक्षक : उस्ताद ख्वाजामियाँ'.

ख्वाजामियाँ उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. मराठी बोर्ड ते अक्षराला अक्षर लावून वाचतात. त्या ओळीवरून त्यांनी दोनदा बोट फिरवलं, मग मला मोठ्याने वाचायला लावलं, आणि संध्याकाळी जुबेदाचाचींना मोपेडवर बसवून फलक दाखवायला घेऊन आले. पस्तीस वर्षं हा माणूस दुसऱ्याच्या विहिरीत, दुसऱ्याच्या मर्जीने शिकवत होता. कुणी लोखंडी जाळी बसवली की शाळा बंद, कुणाचा भाऊ भाऊबंदकीला उठला की शाळा बंद. आता त्यांच्या नावाचं पाणी झालं होतं. चाची म्हणाल्या, "नाव लई मोठं काढलं रे बद्री, धूप लागली तर उडायचं न्हाई ना?" मी म्हणालो, "ऑइल पेंट आहे चाची, दहा वर्षं हलत नाही."

नावाला काही झालं नाही. पाणी मात्र अकरा दिवसांत गेलं. उद्घाटनाला चौदा टँकर ओतले होते. पण तलाव बांधला होता काळ्या मातीत. पावसाळ्यात फुगायचं आणि उन्हाळ्यात भेगाळायचं, हा तिचा स्वभाव इथल्या शेळ्या राखणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे. इंजिनिअरला नव्हता. तळाला चीर पडली आणि पाणी जमिनीने पिऊन टाकलं. त्यानंतर तलावाला फार चांगले दिवस आले. ऑक्टोबरात सोयाबीन, जानेवारीत तूर, मधल्या काळात लग्नाच्या आचाऱ्यांच्या भट्ट्या. निळ्या फरशीवर धान्य छान वाळतं, कचरा लागत नाही. शिडीवरून पोती घेऊन उतरणारी माणसं पाहिली की सरकारचा पैसा वाया गेला असं कोण म्हणेल?

ख्वाजामियाँ तरीही रोज सकाळी सहाला यायचे. तळाला पडलेलं भूस झाडायचे, शिट्टी गळ्यात घालून काठावर पाच मिनिटं उभे राहायचे आणि मग मोपेडला किक मारून रामरावांच्या विहिरीवर शिकवायला जायचे. "तळं हाय तर आज ना उद्या पानी येईलच की," म्हणायचे. मला तेव्हा त्यांची कीव यायची. आता माझी मलाच येते.

त्यांच्या विहिरीवरच्या पोरांत साक्षी होती. नंदाबाई रामरावांच्या बागेत मोसंबी तोडायला जायची, तिची मुलगी. अकराव्या वर्षी माती आणली आणि मग मुलगी पाण्याबाहेर येईना. दहावीत आली तेव्हा तिला दोर धरायला कुणी लागत नव्हतं, तिच्यामागे पोहायला कुणी पुरत नव्हतं. ख्वाजामियाँनी रामरावांच्या शेततळ्यावर दोराने पन्नास मीटर मोजले आणि मनगटावरच्या घड्याळावर वेळ लावली. अडतीस सेकंद. त्यांनी ती आठ दिवस रोज लावून पाहिली, कारण त्यांचा घड्याळावर विश्वास नव्हता. मग कुणीतरी त्यांना सांगितलं की संभाजीनगरला मुलींच्या क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी असते. राहणं, खाणं, शाळा आणि रोज दोन वेळा तलाव.

"तिथं रोज पानी ऱ्हातं, चाचा?" साक्षीने विचारलं.

"रोज."

"उन्हाळ्यात बी?"

"उन्हाळ्यात बी," ख्वाजामियाँ म्हणाले, आणि मुलगी असं हसली, जणू तिने खोटं पकडलंय.

चाचणीला बसायला जिल्हा स्पर्धेत भाग घेतल्याचं प्रमाणपत्र लागायचं. वयाच्या अटीमुळे साक्षीचं हे शेवटचंच वर्ष होतं. आणि जिल्हा स्पर्धा भरवायचा मान त्या वर्षी आमच्या जलदीप क्रीडा मंडळाला मिळाला होता.

तलावात तेव्हा तूर होती.

जानेवारीत रामरावांनी मला घरी बोलावलं. चहा आला, खारी आली. "सर," ते म्हणाले, "खेळाच्या प्रमाणपत्रावर पोरांना दहावीत क्रीडागुण भेटायलेत. आपल्या गावची लेकरं मागं का ऱ्हावी? स्पर्धा झाल्ती असं धरून चला." त्यांनी माझ्यापुढे बेचाळीस नावं ठेवली. सरपंचाचा नातू, मेडिकलवाल्याची जुळी, दोन मास्तरांची चार, सगळ्यांत खाली साक्षी, आणि नववं नाव कल्याण बद्रीनाथ. माझा मुलगा. कल्याणला पाण्याची इतकी भीती की तो आंघोळीची बादली अर्धीच भरतो. मी यादीकडे पाहिलं आणि म्हणालो, "बघू." बघू म्हणजे हो, हे रामरावांना ठाऊक होतं आणि मलाही.

निकालपत्र माझ्या सुंदर अक्षरात मीच केलं. पन्नास मीटर पोहायला किती वेळ लावावा? शाळेच्या मैदानावर पोरं नऊ सेकंदांत पळतात. पाण्यात जरा जड जात असेल म्हणून मी दुप्पट धरले, वर तीन-चार सेकंद ज्याच्या त्याच्या बापाच्या वजनाप्रमाणे. सरपंचाचा नातू एकवीस सेकंदांत आला. तेवढ्या वेगाने पोहणारी माणसं जगात बोटांवर मोजण्याइतकी आहेत, हे मला फार नंतर कळलं. साक्षीची मात्र खरी वेळ ख्वाजामियाँनी लिहून दिली होती, ती मी तशीच घेतली. त्यामुळे बेचाळीस जणांत जिला एकटीला पोहता येत होतं, ती बेचाळिसावी आली.

राहिली प्रशिक्षकाची सही. प्रमाणपत्रांचा गठ्ठा जालन्यातल्या मस्तगडच्या छापखान्यातून छापून आला, छान सोनेरी किनारीचा. रामरावांनी तो ख्वाजामियाँपुढे ठेवला. ख्वाजामियाँनी एकेक नाव मला वाचायला लावलं आणि म्हणाले, "करतो की सही. बिलकुल करतो. ह्या लेकरायला विहिरीवर पाठवा. फेब्रुवारी सरूस्तोवर समद्याची माती काढून घेतो."

"अहो उस्ताद, परीक्षा तोंडावर आल्या. कागदावर सही करायची, त्यात काय?"

"रामराव, कागद तरंगतो, लेकरू न्हाई तरंगत," ख्वाजामियाँ म्हणाले. "माझी सही बघून उद्या ह्यातलं एक नदीत उतरलं, तर वर काढायला तुम्ही येतान का?"

रामराव हसले. चार दिवसांत म्हातारा थकेल, असा त्यांचा हिशेब. त्यांनी पालकांना निरोप धाडला.

जानेवारीतली सकाळ, विहिरीवर वाफ. पहिल्या दिवशी सत्तावीस पोरं आली आणि त्यांच्यासोबत एकावन्न पालक. सरपंचांचा नातू कानटोपी, स्वेटर, मफलर आणि खाली पोहायची चड्डी अशा वेशात होता. मेडिकलवाल्याने आपल्या जुळ्यांसाठी डॉक्टरचं पत्र आणलं होतं. त्यात लिहिलं होतं की दोघांनाही पाण्याची ॲलर्जी आहे, तरी त्यांना पोहण्याचं प्रमाणपत्र देण्यास हरकत नाही. एका बाईने विचारलं की मुलगा वर्गात हुशार आहे, त्याला तोंडी परीक्षा देता येईल का. दुसरीने स्वच्छच सांगितलं, "आमी प्रमाणपत्र घ्यायलोत, त्यात पान्यात उतरायचं कुठं ठरलं व्हतं?" तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

ख्वाजामियाँ कुणावर चिडले नाहीत. सगळ्यांना पायरीवर पाय सोडून बसवलं. "जल्दी न्हाई. वळख होऊ द्या." जुबेदाचाची दोर घेऊन तयार बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी अकरा पोरं आली, तिसऱ्या दिवशी चार. त्या चारांत कल्याण होता. मी त्याला पाठवला नव्हता, तो आपणहून गेला होता. तीन दिवस पाय सोडून बसला आणि चौथ्या दिवशी गुडघ्यापर्यंत उतरला. घरी येऊन मला म्हणाला, "बाबा, अजून दीड महिना दिला तर मला येईल, असं चाचा म्हणाले." मी त्याला म्हणालो, "दीड महिन्याने बोर्डाची परीक्षा आहे, गणित कर." मी माझ्या मुलाला हातचं पोहणं सोडून कागदाचं पोहणं घ्यायला लावलं, आणि तेही बाप म्हणून, त्याच्या भल्यासाठी.

पाचव्या दिवशी विहिरीवर एकटी साक्षी होती. ख्वाजामियाँनी गठ्ठ्यातून तिचं प्रमाणपत्र काढलं, त्यावर सही केली, फुंकर मारून वाळवली आणि नंदाबाईच्या हातात दिली. उरलेली एक्केचाळीस कोरीच रामरावांकडे परत पाठवली.

रामरावांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा चढला. मला बोलावून म्हणाले, "फलकावरचं शेवटचं नाव काढा." मी काढलं. ऑइल पेंट होता, दोन हात पांढरा मारावा लागला. जागा मोकळी वाईट दिसते म्हणून तिथे 'प्रवेश सुरू' असं लिहिलं. त्या ओळीखाली तेव्हा तुरीची पोती होती.

आणि मग खारी, चहा आणि एक्केचाळीस प्रमाणपत्रं. "सर, तुमच्या अक्षराला तोड न्हाई," रामराव म्हणाले. मी कल्याणचं प्रमाणपत्र सगळ्यांत वर ठेवलं आणि सुरुवात केली. ख्वाजामियाँ सही उर्दूत करतात, हे मला माहीत होतं. पण मला उर्दू येत नाही. म्हणून मी त्यांच्या नावाने सुवाच्य, वळणदार मराठीत सही केली, एक्केचाळीस वेळा, ख च्या गाठीसकट. एकही डाग पडू दिला नाही. ज्या माणसाने मला बुडू नये म्हणून शिकवलं, त्याचं नाव मी असं वापरलं. मला त्या वेळी लाज वाटली नाही हे खरं सांगायला हवं. लाज नंतर आली. नंदाबाईने साक्षीचं प्रमाणपत्र शाळेत आणून दिलं तेव्हा त्यावरची सही वेगळी आहे हेही माझ्या लक्षात आलं. रामरावांना सांगितलं तर म्हणाले, "एवढ्या गठ्ठ्यात कोण बघायलंय?"

बघितलं. आमच्याकडे पडताळणी फार कडक असते. जालन्याच्या एका कार्यालयातून पत्र आलं की बेचाळीस प्रमाणपत्रांपैकी एक्केचाळीस नियमानुसार आहेत. क्रमांक बेचाळीस, कु. साक्षी, हिच्या प्रमाणपत्रावरील प्रशिक्षकाची सही बनावट असल्याचा संशय आहे. प्रशिक्षकाने ओळखपत्रासह समक्ष हजर व्हावं. रामरावांनी पत्र वाचून सुटकेचा निःश्वास टाकला. "एका पोरीचं नाव कापून टाका, विषय मिटला. सर, तुमी जाऊन बोला."

निवड चाचणी दोन दिवसांवर होती. अंबडहून जालन्याच्या एसटीत मी चढलो, तर पुढच्या बाकावर ख्वाजामियाँ, नंदाबाई आणि साक्षी. पत्राची एक प्रत नंदाबाईलाही गेली होती. मुलीच्या मांडीवर चाचणीला न्यायची पिशवीसुद्धा होती. ख्वाजामियाँनी सरकून मला जागा दिली. फलकावरचं नाव मीच पुसलं हे त्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलं, "कल्याणचा अभ्यास बराबर चालू हाय ना?"

साक्षीची पुढे निवड झाली, हे आताच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. ती तिथे आहे, रोज दोन वेळा पाण्यात असते, उन्हाळ्यातसुद्धा. पण मला सांगायचं आहे ते त्या कार्यालयातलं.

टेबलावर बेबीनंदा मॅडम होत्या. बाई वाईट नव्हत्या, त्यांना फक्त सगळं जुळायला हवं होतं. त्यांनी ख्वाजामियाँना खुर्ची दिली. "चाचा, बाकी सगळं व्यवस्थित आहे. वेळा तर फारच छान आहेत तुमच्या पोरांच्या. फक्त हे बघा. या एक्केचाळिसांवर एकसारखी सही आहे. आणि या एकावर हे काय आहे?"

"ही माझी सही हाय," ख्वाजामियाँ उर्दूतल्या सहीवर बोट ठेवून म्हणाले.

"मग या?"

त्यांनी गठ्ठा पुढे ओढला. एक कागद पाहिला, दुसरा पाहिला, तिसरा उलटला. फलकावरच्या त्या ओळीवरून त्यांनी दोनदा बोट फिरवलं होतं. माझा ख त्यांच्या बोटाला पाठ होता. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, एकदाच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मॅडमनी मार्ग सांगितले, दोनच होते. एक तर ख्वाजामियाँनी लिहून द्यायचं की एक्केचाळीस सह्या माझ्या नाहीत. मग चौकशी लागणार, स्पर्धाच रद्द होणार, बेचाळीसही जाणार, त्यांत साक्षीही जाणार. नाहीतर या एकीचं प्रमाणपत्र नवं करून त्यावर बाकीच्यांसारखी सही करून द्यायची, की त्या लगेच शिक्का मारतील. "साडेपाचला साहेब निघतात," त्या म्हणाल्या. भिंतीवर पाच वाजले होते.

मी तिथे तोंड उघडायला हवं होतं. सह्या माझ्या आहेत, एवढंच म्हणायचं होतं. माझी नोकरी गेली असती, कल्याणचे गुण गेले असते. साक्षीचंही गेलं असतं, असं मी स्वतःला समजावलं, आणि तेवढ्या एका आडोशामागे माझं सगळं लपवलं.

साक्षी म्हणाली, "चाचा, ऱ्हाऊ द्या. तुमी खोटं नका करू. मी न्हाई जात."

नंदाबाईने डोळ्याला पदर लावला. ख्वाजामियाँनी कागदांचा तो गठ्ठा नीट रचून ठेवला. आयुष्यात त्यांनी एका पोराला फुकट पास केलं नव्हतं. त्यापायी फलकावरचं नाव गेलं, तलाव गेला, रामरावांची विहीरही गेली. आता त्यांच्यासमोर त्यांनी शिकवलेली सगळ्यांत चांगली पोर उभी होती आणि तिच्यासाठी उरलेल्या एक्केचाळीस जणांना पास म्हणायचं होतं.

"पोरी," ते म्हणाले, "लेकरू बुडताना दिसलं का कपडे काढीत बसत न्हाईत. हाय तसं उडी घ्यावी लागती." मग माझ्याकडे वळले. "चल बद्री. शिकव."

बाहेर व्हरांड्यात बाक होता. मी एका जुन्या अर्जाच्या पाठीवर त्यांचं नाव लिहिलं आणि ते बघून बघून लिहायला लागले. त्यांचा हात उजवीकडून डावीकडे जाणारा, इकडून तिकडे वळायलाच तयार नाही. वरची रेघ दरवेळी ढगात जायची. पेन असं दाबत होते की कागद फाटला. मी म्हणालो, "हात जरा सैल सोडा." ते म्हणाले, "सोडला तर हालायलाय." माझ्या बापाच्या वयाचा माणूस स्वतःचीच खोटी सही गिरवत होता, आणि ती कशी खरी दिसेल हे मी त्याला समजावून सांगत होतो. मी म्हणालो, "चाचा, मला माफ करा." त्यांनी वर पाहिलं नाही. "आधी ख बराबर हाय का, ते सांग," म्हणाले.

चौदाव्या वेळी जमली. पाच वीस झाले होते. आत जाऊन त्यांनी नव्या प्रमाणपत्रावर सही केली, सावकाश, जीभ दातांत धरून. बेबीनंदा मॅडमनी ती गठ्ठ्यातल्या वरच्या कागदाशेजारी धरून पाहिली. वरचा कागद कल्याणचा होता. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि शिक्का मारला.

"आता बरोबर जुळली," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदाच अशी करायची ना, चाचा. एवढं सुंदर अक्षर आहे तुमचं. कुणी शिकवलं?"

ख्वाजामियाँनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"ह्या सरनं," ते म्हणाले. "माझाच चेला हाय, बाई. मीच शिकवलेला."